प्लेगप्रतिबंधक लस (हाफकिन लस)

उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंपासून तयार केलेली व १८९७ मध्ये मुंबईत प्रथम माणसांना टोचलेली लस. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींलगतच्या वस्तीत, गाठीच्या तापाचे रोगी आढळू लागले. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेगच असल्याचे निदान केले. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) लशीच्या कामासाठी १८९३ पासून हिंदुस्थानात असलेले जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन सरकारच्या सांगण्यावरून ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले व भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम सुरू केले.

जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. अडचण होती ती तो भरपूर वाढवण्याची. हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांसारखी लोंबू लागे. बाटली हलवली की ती तळाशी बसे आणि वर नवी फुटे. काही आठवड्यांनी हे द्रव तापवून जंतू मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. टोचलेल्यांत रोग कमी दिसला.

रोग पसरतो कसा, हे मात्र तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. सरकारने घरे जंतुनाशकांनी धुऊन काढली, झडत्या घेतल्या, रोग्यांना घरच्यांपासून तोडले. यातून उसळलेल्या संतापाचे पर्यवसान जून १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग अधिकारी रँडच्या हत्येत झाले. उंदीर मरून पडू लागताच घर सोडून माळावर झोपडी घालण्याची लोकांची रीत त्यापेक्षा अधिक शहाणपणाची होती. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरील पिसवांकडे बोट दाखवले, तरी ते मान्य व्हायला १९०५ नंतरचे मुंबईतील प्रयोग व्हावे लागले. प्लेगच्या घरांत ठेवलेल्या गिनीपिगांपैकी उघड्यावरचे आजारी पडत. पिसवा पोचू न शकणाऱ्या पिंजऱ्यांतले वाचत.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण परत आले ते कलकत्त्याला. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.