वाळू, उसुकु, सँड: ज्ञान शोधायचं कोणत्या नावानं?

माझे मामा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगचे (साचे घालण्याचे) मेस्त्री होते. साच्याची वाळू मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडून गोळ्यावर बोटांचे ठसे कसे उमटलेत ते बघायचं, मग गोळा मधोमध मोडायचा. तुटलेली कड स्वच्छ आली तर काम चालू. "चिकटायलीय गा, पाणी जास्त झालंय," असं ते म्हणाले की मिक्सरवरचा माणूस लगेच पाणी कमी करायचा.

त्या मुठीमागं पक्कं विज्ञान आहे. बेंटोनाइट माती मिसळलेल्या ओल्या वाळूत साधारण तीन-चार टक्के पाणी लागतं. ते वाढलं की सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचं वितळलेलं लोखंड ओतताक्षणी त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती धातूच्या पोटात पोकळी करून बसते. वरून कास्टिंग (ओतलेला भाग) चांगलं दिसतं आणि मशीन शॉपमध्ये टर्निंगला लागल्यावर ती पोकळी उघडी पडते.

मामा निवृत्त झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात तिथं अशा पोकळ्या वाढल्या. कारखान्यात संगणक होता, सॉफ्टवेअर होतं, मागच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदीही होत्या. तरी उत्तर सापडेना. असं का झालं, हे समजून घेण्यात मी बराच काळ घालवला आहे.

व्यवस्थापनशास्त्राचे विचारवंत पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्ये 'नॉलेज वर्कर' म्हणजे ज्ञानकर्मी हा शब्द वापरात आणला. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं टेबलामागचा माणूस येतो. पण डोकं आणि हात दोन्ही वापरून काम करणारे, शल्यविशारदासारखे लोकही ड्रकर यांनी पुढे ज्ञानकर्म्यांतच धरले. माझ्या मते मेस्त्रीही त्याच पंगतीतला. फरक एवढाच, की त्याचं ज्ञान कागदावर उतरलेलं नसतं.

कारखान्यातली माहिती प्रणाली एक काम फार चोख करते, ते म्हणजे माग काढणं. प्रत्येक कास्टिंगला हीट नंबर, म्हणजे ते ज्या वितळवणीतून ओतलं तिचा क्रमांक, असतो. त्यावरून कुठल्या भट्टीचा माल, स्पेक्ट्रोमीटरनं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रानं) कार्बन-सिलिकॉन किती दाखवलं, वाळूचा ओलावा किती होता, हे सगळं क्षणात जोडता येतं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली आणि आज बँकेपासून कारखान्यापर्यंत बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतात. आकड्यांना ती पुरते. शब्दांपाशी आलं की मात्र गाडी अडते.

त्या कारखान्याच्या रिजेक्शनच्या नोंदींत एकाच दोषाला चार नावं होती. क्वालिटीवाले 'गॅस पोरोसिटी' लिहीत, मोल्डिंगवाले 'भोक', कुणी 'ब्लो होल' आणि रात्रपाळीला बैलहोंगलकडून येणारी मुलं 'तूतु', म्हणजे कन्नडमधलं भोक. वाळूचंही तेच: वाळू, सँड आणि कन्नड उसुकु. नव्या इंजिनिअर मुलीनं 'ब्लो होल' टाकून शोधलं, तेव्हा तिच्यासमोर आला तो नोंदींचा एक तुकडा. बाकीच्या नोंदी त्याच संगणकात होत्या, पण तिच्या दृष्टीनं नसल्यासारख्याच.

हा दोष आपल्या सीमाभागाच्या भाषांचा आहे असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. १९८७ मध्ये जॉर्ज फर्नास, थॉमस लँडाउअर, लुईस गोमेझ आणि सुसान ड्युमे या अमेरिकी संशोधकांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं, की एकाच गोष्टीसाठी दोन माणसं आपसूक तोच शब्द वापरतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. तीही एकच भाषा बोलणारी माणसं! आपल्याकडं मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच पाळीत बोलल्या जातात, मग अडचण किती वाढत असेल याचा अंदाज करा.

लिपीचंच बघू. युनिकोड या संगणकाच्या जागतिक लिपी-मानकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. आता 'ळ' घ्या: २३५५ आणि ३२५१. फरक पुन्हा ८९६! भारतीय लिप्यांसाठी आधी इस्की हे मानक तयार झालं होतं आणि युनिकोडनं त्याचीच मांडणी उचलली, म्हणून दोन्ही वर्णमाला समांतर बसल्या आहेत. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. एका वजाबाकीत कन्नड मजकूर देवनागरीत येतो.

पण गावाचं नाव त्या वजाबाकीनं जुळतंच असं नाही. कन्नडमधलं निपाणी देवनागरीत आणलं की 'निप्पाणि' होतं, खानापूरचं 'खानापुर'. बेळगावी तर 'बॆळगावि' होते, कारण कन्नडला ऱ्हस्व 'ए' आहे आणि प्रमाण मराठीला तो नाही. बँकेत, दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत कन्नड उतारा आणि मराठी अर्ज शेजारी ठेवून काम करणाऱ्या माणसाला हे रोजचं आहे. माणूस ते नजरेनं जुळवतो. संगणकाला 'जवळपास सारखं' म्हणजे काय हे शिकवावं लागतं. रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये त्याचं साधं माप दिलं: एका शब्दापासून दुसरा करायला किती खुणा घालाव्या, गाळाव्या किंवा बदलाव्या लागतात ते मोजा. निपाणीपासून 'निप्पाणि' तीन बदलांवर आहे: एक हलन्त चिन्ह, एक 'प' आणि शेवटची वेलांटी. शोध यंत्राला तेवढी सूट दिली की दोन्ही सापडतात.

'भोक' आणि 'तूतु' यांच्यात मात्र एकही अक्षर सारखं नाही, तिथं हे माप निरुपयोगी. फर्नास आणि सहकाऱ्यांनी त्यावर सुचवलेला उपाय असा, की एकच 'अधिकृत' शब्द लोकांवर लादू नका, लोक वापरतात ती जितकी असतील तितकी नावं त्या गोष्टीला जोडून ठेवा. यंत्रशिक्षणावर चालणारी आजची भाषा-प्रारूपं हे बरंचसं आपोआप करतात. शब्द कुठल्या शब्दांच्या संगतीत येतो त्यावरून त्याला आकड्यांच्या नकाशात जागा देतात, आणि त्या नकाशात 'वाळू' व 'उसुकु' शेजारी येऊ शकतात. पण त्यासाठी तो शब्द कुठंतरी भरपूर लिहिला गेलेला हवा. मामांचं 'चिकटायलीय' कुणीच लिहिलं नव्हतं.

लिहून घ्यायचं तर माणसानं सांगायला हवं, आणि तो का सांगेल? झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं कॉपी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. माहितीपुस्तिकेत न सापडणारे उपाय ते एकमेकांना गोष्टी सांगावेत तसे सांगत, अगदी जेवताना. पुढे नव्वदच्या दशकात कंपनीनं 'युरेका' ही प्रणाली उभी केली. तंत्रज्ञानं युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि युक्तीसोबत सांगणाऱ्याचं नाव ठेवायचं. नाव राहिलं की कौतुक योग्य माणसाकडं जातं आणि शंका असली तर कुणाला विचारायचं तेही कळतं. बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरमध्ये हा एक रकानाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती इंजिनिअर मुलगी शेवटी मामांच्या घरी आली. त्यांचं बोलणं तिनं फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यांच्याच शब्दांत उतरवलं. आता तिथं भोक, तूतु, ब्लो होल, गॅस पोरोसिटी, काहीही टाकलं तरी सगळ्या नोंदी एकत्र येतात आणि त्यांच्या वर एक ओळ दिसते: "झड लागली की सकाळच्या पहिल्या मिक्सला पाणी बघून घाला. उघड्यावरच्या वाळूनं रात्रीत ओल धरलेली असते, मुठीत दाबून बघा." खाली मामांचं नाव, आणि त्याच्या खाली तिचं.