चेरापुंजी नव्हे, फॉक-फॉक

दर जुलैमध्ये एक मथळा ठरलेला असतो: ताम्हिणीने, आंबोलीने किंवा गगनबावड्याने 'चेरापुंजीला मागे टाकलं'. दोन दिवस फॉरवर्ड फिरतात, कुणीतरी धबधब्याचा जुना व्हिडिओ जोडतं आणि विषय संपतो. मागे टाकलं ते नेमकं कशात, हे विचारायचं राहून जातं. एका दिवसात, एका मोसमात की वर्षभरात? किती वेळातला पाऊस हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थच उरत नाही.

वर्षभराचा विक्रम चेरापुंजीचाच आहे: ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४७० मिलिमीटर. सलग ४८ तासांचा विक्रमही तिथलाच, जून १९९५ मधला, २,४९३ मिमी. पण जागतिक हवामान संघटनेच्या यादीत बारा तास, चोवीस तास, तीन दिवस, चार दिवस हे रकाने पाहिले तर एकच बेट पुन्हा पुन्हा भेटतं. रियुनियन. ७-८ जानेवारी १९६६ ला तिथल्या फॉक-फॉक नावाच्या माळावर चोवीस तासांत १,८२५ मिमी पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडला तो ९४४. मुंबईच्या त्या दिवसाची जवळजवळ दुप्पट!

हे बेट आहे मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी, दक्षिण अक्षांश २१ वर. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, वस्ती पावणेनऊ लाखांच्या आसपास. ध्वज फ्रान्सचा, चलन युरो. पण पावसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच: एवढ्याशा बेटावर ३,०७० मीटर उंचीचा पितों दे नेज हा शांत झालेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या आग्नेयेला २,६३२ मीटरचा पितों द ला फुर्नेज, जो आजही वारंवार लाव्हा ओकतो. (हे बेट ज्या तप्तबिंदूवर, म्हणजे खोलातून तप्त खडक वर येतो त्या जागेवर, उभं आहे, त्याच तप्तबिंदूने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचे लाव्हाथर ओतले असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तो विषय मोठा आहे, त्याला आज हात घालत नाही.) म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा डोंगर, थेट समुद्रातून वर आलेला, तोही चक्रीवादळांच्या वाटेवर.

आता मला खरं ज्याबद्दल बोलायचं आहे ते.

शाळेत आपण शिकलो की 'ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो'. परीक्षेत याला गुण मिळतात, पण हवा खरोखर अडली तर पाऊस पडणार नाही. पावसासाठी हवा वर चढली पाहिजे. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते. पसरताना थंड होते. थंड हवेत वाफ कमी मावते आणि उरलेल्या वाफेचे थेंब होतात. यात डोंगराचं काम भिंतीचं नसून घाटरस्त्याचं आहे.

चढायचं की वळसा घालायचं, हे हवेला कोण सांगतं? वाऱ्याचा वेग, डोंगराची उंची आणि हवेचं स्थैर्य, म्हणजे वर ढकललेली हवा पुन्हा खाली यायला किती ओढ घेते ते. वेगाला उंची आणि स्थैर्य यांच्या गुणाकाराने भागलं की एक अंक मिळतो, त्याला फ्रूड अंक म्हणतात. तो एकापेक्षा बराच कमी असला तर हवा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. एकापेक्षा जास्त असला तर ती माथ्यावरून जाते. रियुनियनवर एरवी आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, सेकंदाला सात-आठ मीटरने. उंची २,५०० मीटर धरा, स्थैर्याचा नेहमीचा आकडा ०.०१ धरा, उत्तर ०.३ येतं. बहुतेक हवा वळसा घालून जाते. चक्रीवादळ जवळ आलं की वारा सेकंदाला २५ मीटर होतो, शिवाय हवा बाष्पाने गच्च भरलेली असते. अशा हवेत थेंब बनताना उष्णता बाहेर पडते आणि त्यामुळे हवेची खाली येण्याची ओढ निम्म्यावर येते. आता तोच अंक दोनच्या आसपास जातो. तोच डोंगर, तोच समुद्र, पण आता सगळी हवा चढणीला लागते.

किती पाणी पडेल? पाठ्यपुस्तक मिटून कागदावर हिशेब करू. किनाऱ्यापासून डोंगराकडे जाणारी, एक मीटर रुंद आणि दोन किलोमीटर उंच अशी हवेची पट्टी घ्या. वारा २५ मीटरचा, म्हणून दर सेकंदाला ५०,००० घनमीटर हवा आत येते. वजन साधारण ५५,००० किलो. २७ अंशांच्या दमट सागरी हवेत किलोमागे सुमारे २१ ग्रॅम वाफ असते. ती २,३०० मीटरवर पोचेपर्यंत तापमान १६ अंशांच्या आसपास येतं आणि वाफ १५ ग्रॅमच मावते. सहा ग्रॅम बाहेर. ५५,००० गुणिले ६ ग्रॅम म्हणजे सेकंदाला ३३० लिटर पाणी. ते दहा किलोमीटर लांबीच्या उतारावर पसरलं तर तासाला साधारण १२० मिमी. चोवीस तासांत २,८०० हून जास्त. फॉक-फॉकला प्रत्यक्षात पडला १,८२५. वाऱ्याचा वेग, पट्टीची जाडी सगळं ढोबळ धरूनही उत्तर इतकं जवळ येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण यात एक मोठी फट आहे. वाफेचं पाणी झालं म्हणजे पाऊस पडला, असं मुळीच नाही. ढगातला थेंब शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा असतो आणि तो हवेत तरंगतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. त्यासाठी वेळ लागतो. वाऱ्याचा वेग पाहता हवा हा उतार सात-आठ मिनिटांत ओलांडते. तेवढ्यात बरेचसे थेंब तरंगत माथा पार करतील, पलीकडे हवा खाली उतरून तापेल आणि ते परत वाफ होऊन जातील. नुसता डोंगर आणि नुसता वारा असेल तर ढगातलं बरंचसं पाणी असंच वाया जातं.

याचं उत्तर स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन यांनी १९६० च्या दशकात मांडलं. ढग दोन मजली असतात. खालचा डोंगराने तयार केलेला, बारीक थेंबांनी दाट. वरचा चक्रीवादळाचा, दहा-पंधरा किलोमीटर उंच, ज्यात आधीच मोठे थेंब आणि हिमकण तयार आहेत. वरून पडणारा प्रत्येक थेंब खालच्या दाट ढगातून जाताना वाटेतले बारीक थेंब गिळत जातो. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना परातीत फिरणारा तिळाचा दाणा पाकाचे थर अंगावर चढवत जाडा होतो, तसंच. वरचा ढग दाणा पुरवतो, खालचा पाक. दाणे नसतील तर पाक नुसताच वाहून जातो. पाक नसेल तर दाणा दाण्याएवढाच खाली येतो: समुद्रावर त्याच वादळाचा पाऊस डोंगरावरच्या पावसाच्या मानाने कितीतरी कमी पडतो, तो म्हणूनच.

'ढगफुटी' या शब्दाबद्दल इथेच सांगून टाकतो. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे छोट्या भागात तासाला १०० मिमीच्या वर पाऊस म्हणजे ढगफुटी. फॉक-फॉकच्या त्या दिवसाची सरासरी तासाला ७६ मिमी. म्हणजे जगाचा विक्रम सरासरीने पाहिला तर ढगफुटीसुद्धा ठरत नाही! तीव्रतेपेक्षा न थांबणं जास्त घातक असतं. तरी आपल्याकडे दोन तास नाला तुंबला की ढगफुटी, आणि लगेच 'हा पाऊस परदेशी यंत्रांनी पाडला' असं सांगणारे संदेश. ज्या माणसाला कृत्रिम पावसासाठी मराठवाड्यावर विमानं फिरवून पुरेसे ढगही मिळत नव्हते, तो महासागरावर हजार किलोमीटरचं वादळ हवं तिथे उभं करतो म्हणे.

न थांबण्याबद्दल: बेट आपली जागा सोडत नाही, म्हणून वादळ रेंगाळलं तर विक्रम होतो. जानेवारी १९८० मध्ये यासिंत नावाचं वादळ बेटाभोवती गिरक्या घेत राहिलं, बेटावर थेट आलंच नाही. पंधरा दिवसांत ज्वालामुखीच्या अंगावरच्या कोमर्सों विवरापाशी ६,०८३ मिमी पाऊस झाला. महाबळेश्वरला पूर्ण पावसाळ्यात साधारण इतका पडतो. पंचवीस माणसं गेली. फेब्रुवारी २००७ मधलं गामेदही वायव्येकडून दूरवरूनच गेलं, पण दक्षिण गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे ईशान्येचा वारा सतत डोंगरावर चढत राहिला. कोमर्सोंला तीन दिवसांत ३,९३० मिमी, आणि नैर्ऋत्येकडे सें-एत्येन नदीवरचा मोठा पूल कोसळला.

हा पाऊस लाखो वर्षं पडत आल्यामुळे पितों दे नेजभोवती तीन प्रचंड खोलगट दऱ्या तयार झाल्या आहेत: सालाझी, सिलाओस, माफात. डोंगराचे भाग खचले आणि पाण्याने ते पोखरून नेले. कडे हजार मीटरपर्यंत उंच. बेटावर मूळ रहिवासी कुणी नव्हते. सतराव्या शतकात फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणले, कॉफी लावली, मग ऊस. पळालेले गुलाम या दऱ्यांत लपले. माफात हे नावच अशा एका पुढाऱ्याचं. आजही माफातच्या पाड्यांपर्यंत गाडीरस्ता नाही. चालत जा, नाहीतर हेलिकॉप्टर. २० डिसेंबर १८४८ ला गुलामगिरी बंद झाली आणि मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणले गेले, मुख्यतः तमिळ. त्यांना तिथे मलबार म्हणतात. नंतर आलेल्या गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांना झराब. तमिळ देवळं, कावडी, अग्नीवरून चालणं सगळं आहे. कॅथलिक श्रद्धाही तेवढीच पक्की: ज्वालामुखीपासून रक्षण करावं म्हणून पूर्व किनाऱ्यावर छत्री धरलेल्या मेरीची मूर्ती बसवली आहे. लाव्हा जवळ आला की लोकांनी आधी मूर्तीलाच सुरक्षित जागी हलवलं.

१९ मार्च १९४६ च्या कायद्याने रियुनियन वसाहत न राहता फ्रान्सचा जिल्हा झाला. पॅरिसच्या संसदेच्या खालच्या सभागृहात सात खासदार, बेटावर जिल्ह्याची आणि प्रदेशाची अशी दोन निवडलेली मंडळं, आणि राज्यसत्तेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसने नेमलेला प्रीफे. वादळात हाच माणूस महत्त्वाचा. पिवळा, नारिंगी, लाल आणि त्यापुढे जांभळा असे इशारे तो जाहीर करतो. लाल इशाऱ्यात घराबाहेर पडणं, गाडी काढणं बंद. जांभळा पहिल्यांदा लागला जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी, तेव्हा मदतपथकांनीही बाहेर पडायचं नव्हतं. नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या सगळ्या वादळांवर लक्ष ठेवणारं केंद्र राजधानी सें-दनीत आहे. गंमत म्हणजे वादळाची ताकद रियुनियन ठरवतं, पण नाव देण्याचा मान मॉरिशस आणि मादागास्करचा.

पाणी पूर्वेला आणि उन्हाळी पर्यटक पश्चिमेला, ही तिथली जुनी अडचण. पूर्वेच्या सेंत-रोजच्या वरच्या उतारांवर वर्षाला दहा मीटरहून जास्त पाऊस, आणि पन्नासेक किलोमीटरवर सें-जिलच्या किनाऱ्यावर मीटरभरही नाही. महाबळेश्वर आणि वाई असलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. १९८९ मध्ये रियुनियनने सालाझी आणि माफातचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला न्यायला सुरुवात केली. सुमारे तीस किलोमीटरचे बोगदे, पंचवीसेक वर्षांचं काम, आणि वाटेत डोंगरातलंच पाणी बोगद्यात घुसून झालेली अडवणूक. कोयनेत आपण विजेसाठी पाणी उलट, म्हणजे आधीच भिजलेल्या कोकणाकडे सोडतो.

सें-दनीहून पश्चिमेला जाणारा किनारी रस्ता उभ्या कड्याखालून जातो. पाऊस झाला की दगड सुटतात, कड्याला जाळ्या ठोकून झाल्या, तरी लेन बंद कराव्या लागायच्या. शेवटी रस्ताच समुद्रात उचलला: ५.४ किलोमीटरचा पूल, ऑगस्ट २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पुढचा टप्पा समुद्रात दगडांचा बांध घालून करायचा होता, पण संपूर्ण बेटच ज्वालामुखीच्या खडकाचं असूनही दगड कमी पडले. नव्या खाणींना गावांनी विरोध केला, काम वर्षानुवर्षं थांबलं, आणि आता तो भागही पुलावरूनच न्यायचं ठरलं आहे.