चार सुया आणि सेकंदाचा विसावा हिस्सा

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक अण्णा आहेत. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, आकडा वाढला की कॅन्सरची शंका येते) वाढलाय म्हणून डॉक्टरांनी त्यांना एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे सुईनं बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितली, तर कट्ट्यावरच्या मंडळींनी लगेच निकाल दिला, "अण्णा, लोखंड लावू नका, लोखंड लावलं की पेटतंय ते." हे वाक्य कोल्हापुरात मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा ऐकलंय. तर आधी तेच मिटवून टाकू. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेनं कॅन्सर रुजणं ही अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे, आणि बायोप्सी टाळली म्हणून आत जे चाललंय ते काही थांबत नाही, फक्त आपल्याला कळत नाही एवढंच. आणि आज ज्या उपचाराबद्दल लिहायचंय त्यात तर गाठीभोवती चार-चार सुया रोवून त्यांच्यातून दोन-अडीच हजार व्होल्ट सोडतात!

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. तिच्या मधून लघवीची नळी जाते, खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारा स्नायू, आणि दोन्ही बाजूंना ताठरतेच्या नसा अगदी चिकटून. सगळा घोळ या शेजारामुळे होतो. कॅन्सर ग्रंथीच्या बाहेर गेलेला नसला तरी आजवरचे मुख्य उपचार म्हणजे अख्खी ग्रंथी काढणं किंवा अख्ख्या ग्रंथीला रेडिएशन देणं. दोन्हीनं आजार आटोक्यात येतो पण नसा, स्नायू नाहीतर शेजारचं गुदाशय यांना झळ लागते, आणि मग लघवी नकळत गळणं, ताठरता जाणं असले त्रास मागे लागतात, जे आपल्याकडचे पुरुष बायकोलाही सांगत नाहीत.

एमआरआय चांगले झाले, गाठ नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते बऱ्यापैकी दिसायला लागलं, तसा विचार पुढे आला की तेवढाच भाग मारला तर? याला फोकल थेरपी म्हणतात. त्यात बरेच प्रकार आहेत. क्रायोमध्ये गाठ गोठवतात. हायफूमध्ये गुदद्वारातून अल्ट्रासाऊंडच्या लहरी एका बिंदूवर गोळा करून तिथलं तापमान ८० अंशांच्या वर नेतात, अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीएनं त्याला २०१५ मध्ये प्रोस्टेटसाठी परवानगी दिली. पण माझा जीव अडकलाय तो विजेच्या पद्धतीत. नाव भलतंच लांब, इर्रिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन, मशीनच्या नावावरून नॅनोनाईफ पण म्हणतात. आणि लोकांना वाटतं तसं यात वीज पेशीला जाळत नाही, भोकं पाडते.

कशी ते बघा. पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुयांच्या मध्ये दर सेंटिमीटरला साधारण १५०० व्होल्ट असं विद्युतक्षेत्र तयार करतात. पेशीच्या आत-बाहेर खारट पाणी, त्यातून वीज वाहते, आवरणातून वाहत नाही, त्यामुळे त्या पेशीच्या वाट्याला आलेला सगळा दाब आवरणावर येऊन बसतो. पेशी २० मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) रुंद धरली आणि गोल पेशीचं सूत्र लावलं (दीड गुणिले क्षेत्र गुणिले त्रिज्या) तर आवरणावर दोन व्होल्टपेक्षा जरा जास्तच येतात. एवढ्यानं काय होणार, भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, असं वाटेल. पण ५ नॅनोमीटरवर एक व्होल्ट म्हणजे मिलिमीटरला दोन लाख व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला तीन हजार पुरतात. त्यामुळे एक व्होल्टच्या आसपासच आवरण हार मानतं, चरबीचे रेणू सरकतात, पाणी आत घुसतं आणि नॅनोमीटर मापाची छिद्रं पडतात.

छिद्रं थोडी असली तर आवरण स्वतःला पुन्हा शिवून घेतं. १९८२ मध्ये नॉयमन आणि सहकाऱ्यांनी याच युक्तीनं उंदराच्या पेशींत डीएनए घुसवला होता, प्रयोगशाळेत आजही तसं करतात. तिथं पेशी मेली की प्रयोग वाया. २००५ मध्ये दावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी उलटं मांडलं, की मरू दे, तेच तर पाहिजे. झटके इतके द्यायचे की छिद्रं बुजायलाच नकोत, मग कॅल्शियम आत शिरतं, पेशीचं इंधन म्हणजे एटीपी बाहेर गळतं, क्षारांचा तोल जातो आणि पेशी संपते.

आता वेळ मोजा. एक झटका ९० मायक्रोसेकंदांचा (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), सुयांच्या प्रत्येक जोडीला असे साधारण ९०, चार सुयांच्या जोड्या सहा. गुणाकार केला तर वीज प्रत्यक्षात चालू असते सेकंदाचा जेमतेम विसावा हिस्सा. मध्ये मध्ये विश्रांती, म्हणून उष्णता साठत नाही. सुईला अगदी चिकटून थोडं तापतं, ते नाही म्हणता येणार नाही.

आणि जळत नाही याचा फायदा मोठा आहे. कोलॅजनच्या तंतूंना, रक्तवाहिन्यांच्या सांगाड्याला, नसांच्या वेष्टणाला पेशीचं आवरण नसतंच, मग त्यात भोक कसलं पडणार? भाडेकरू गेले पण वाडा तसाच उभा, असं काहीसं होतं. नसेतल्या तंतूंना धक्का बसतो, पण वेष्टण शाबूत असल्यानं ते त्याच वाटेनं पुन्हा वाढू शकतात.

तरी "ऑपरेशनशिवाय कॅन्सर गायब" वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं, गोमूत्रवाले एकीकडे आणि हे चकचकीत जाहिरातवाले एकीकडे. यात पूर्ण भूल लागते, स्नायू सैल करायचं औषध लागतं नाहीतर झटक्यानं अंग उडेल, आणि प्रत्येक झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून द्यावा लागतो. प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा एकाच वेळी दोन-तीन जागी असतो, एमआरआयला सगळं दिसतंच असं नाही, म्हणून नंतरही पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी चुकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी काय होतं याची माहिती ऑपरेशन आणि रेडिएशनची जेवढी आहे तेवढी याची अजून नाही.

शिवाय प्रत्येकाला काहीतरी करायलाच पाहिजे असंही नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट करून एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन आणि एकाला नुसती देखरेख असं १५ वर्षं पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला, प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच. देखरेखवाल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी उपचार घेतले. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवर ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) ३+३ असेल तर बहुतेकदा देखरेखच पुरते. फोकल थेरपीचा विचार मुख्यतः ३+४ च्या आसपासच्या, एमआरआयला नीट दिसणाऱ्या एकाच गाठीसाठी होतो, आणि आजार हाडापर्यंत गेला असेल तर या चार सुयांचा उपयोग नाही.