गावाला टँकर हवा असेल तर: टंचाईचा प्रस्ताव, पात्रता आणि कागदपत्रे

आधी एक गैरसमज काढून टाकू. तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाल्याशिवाय टँकर मिळत नाही, असं गावोगावी सांगितलं जातं. काही सरपंचही तेच सांगतात. ते खरं नाही. दुष्काळ जाहीर होतो शासनाच्या पातळीवर, पाऊस, पीक आणि जमिनीतली ओल बघून. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्यातले 40 तालुके जाहीर झाले, त्यात विदर्भातले फक्त बुलडाणा आणि लोणार होते. त्यातून जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, अशा गोष्टी मिळतात. पिण्याच्या पाण्याची टंचाई हे निराळं प्रकरण आहे. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण पाणी उतारानं निघून जातं आणि खडीमलसारख्या गावात उन्हाळ्यात टँकरचं पाणी विहिरीत सोडावं लागतं. दुष्काळाच्या यादीची वाट पाहत बसू नका.

अर्ज कोण करतो

प्रस्ताव ग्रामपंचायतीचाच लागतो, एकट्यादुकट्याला टँकर मंजूर होत नाही. पण वस्तीतल्या लोकांनी सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायला कोणाची आडकाठी नाही, आणि तो द्यावाच. मासिक सभेत विषय आला की ठराव होतो. ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो, पंचायत समिती आणि तहसील कार्यालयाची माणसं गावात येऊन संयुक्त पाहणी करतात, आणि त्यांच्या अहवालावर वरून मंजुरी मिळते. टंचाईच्या काळात टँकर मंजुरीचे अधिकार बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे दिलेले असतात.

खरी गोम मात्र आराखड्यात आहे. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत बनतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते आणि कोणत्या गावांना कधी झळ बसेल याचा अंदाज देते. आपल्या गावाचं नाव कोणत्या टप्प्यात आहे आणि त्यापुढे कोणता उपाय लिहिला आहे, हे पंचायत समितीत दिवाळीच्या आसपासच विचारा. अनेकदा गाव असतं, पण त्यापुढे नुसती 'हातपंप दुरुस्ती' लिहिलेली असते. मग एप्रिलमध्ये टँकर मागितला की फाईल अडते. नाव सुटलं असेल तर पुरवणी आराखड्यात घालता येतं, फक्त त्यात ऐन उन्हाळ्यातले दिवस जातात.

पात्रता: टँकर शेवटी

शासनाच्या लेखी टँकर हा शेवटचा उपाय. त्याआधी विहिरीचा गाळ काढणं किंवा ती खोल करणं, विंधन विहिरीची दुरुस्ती, नवीन विंधन विहीर, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, नदीपात्रात बुडकी (पाण्यासाठी खड्डा) घेणं आणि खासगी विहिरीचं अधिग्रहण, हे सगळं का जमत नाही ते दाखवावं लागतं.

म्हणून ठराव नीट लिहा. 'गावात तीव्र पाणीटंचाई असून टँकर सुरू करावा' या एका ओळीला पाहणीत काही किंमत नाही. असं लिहा: सार्वजनिक विहीर कोरडी, कधीपासून, हातपंप किती, चालू किती, चालू आहे त्यातून तासाला किती गुंड (हंडे) पाणी निघतं, नळयोजना बंद असेल तर कशामुळे, जवळचं दुसरं पाणी किती अंतरावर आणि ते का घेता येत नाही. जलजीवन मिशनचं, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेचं, काम अर्धवट असेल तर तेही स्पष्ट लिहा. कागदावर योजना दिसली की 'गावाला नळ आहे' असा शेरा पडतो.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, बोअरला पाणी असतं पण तोंडात धरवत नाही. तिथं पाण्याचा तपासणी अहवाल जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. गावातल्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या जलसुरक्षकाकडून नमुना पाठवता येतो. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत.

कागदपत्रे

टँकरच्या प्रस्तावाला ठरावाची प्रत, लोकसंख्या आणि ढोरांची संख्या, सगळ्या स्रोतांची सद्यस्थिती, टँकर कुठं भरणार आणि कुठं खाली करणार, आणि पाणी तपासणी अहवाल एवढं तयार ठेवा. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरली जाते का, हे आधीच विचारून घ्या. तेव्हापासून वस्ती वाढली असेल तर ग्रामपंचायतीचा आजचा आकडा सोबत जोडा. ग्रामीण भागात टँकरचा हिशेब माणशी दिवसाला 20 लिटरनं होतो. 1200 लोकांच्या गावाला 24,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. जलजीवनच्या 55 लिटरपुढं हे फारच तोकडं आहे, पण मागणी याच हिशेबात मांडा, नाहीतर प्रस्ताव दुरुस्तीला परत येतो.

अधिग्रहणासाठी विहीर किंवा बोअर मालकाचं संमतीपत्र, सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते. विहिरीची मालकी जात नाही, ठरलेल्या मुदतीपुरतं पाणी गावाला द्यायचं असतं आणि त्याचा मोबदला मिळतो. मालकानं नकार दिला तर प्रशासन सक्तीनं ताबा घेऊ शकतं, पण एकाच गावात राहायचं असतं. ज्याच्या वावरात उन्हाळी पीक किंवा संत्रा उभा नाही अशी विहीर आधी शोधा, आणि बोलणी होळीच्या आत करा.

शेतकऱ्यांवरचे निर्बंध

2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. टंचाईग्रस्त जाहीर झालेल्या भागात एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विहिरींच्या उपशावरही बंधन घालता येतं. वरूड, मोर्शीसारख्या अतिशोषित पट्ट्यात बोअरची गाडी बोलवण्याआधी हे तपासा. धरणाच्या काठावरचे विनापरवाना मोटारपंपही अशा वर्षी उचलले जातात.

टँकर सुरू झाल्यावर

टँकरवर जीपीएस असतो आणि खेपांची नोंदवही असते. बिल त्यावरूनच निघतं, म्हणून न आलेल्या खेपेवर सही करू नका, मग चालक कितीही ओळखीचा असो. खेपा बुडाल्या तर तारखेसह लेखी तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत तहसीलला. तिथंही हललं नाही तर 'आपले सरकार' पोर्टलवर टाका.

आराखड्याची मुदत जूनअखेर संपते आणि टँकरही त्याच तारखेला थांबतो. मिरग कोरडा गेला तर महिना संपायची वाट न पाहता मुदतवाढीचा ठराव घेऊन पंचायत समितीत पोचता करा.