विमानात चढलेला ताप

५ सप्टेंबर २०१८ रोजी दुबईहून निघालेलं एक दुमजली विमान न्यूयॉर्कला उतरलं, पण नेहमीच्या फाटकाशी न नेता ते दूर उभं केलं गेलं. आत पाचशेच्या वर माणसं होती. त्यांतल्या शंभरेक जणांना बरं नसल्याचा निरोप आधीच आला होता. कुणाला खोकला, कुणाला ताप, कुणाला पोटाचा त्रास. रुग्णवाहिका येऊन थांबल्या, एकेकाचा ताप पाहिला गेला आणि दहाएक जणांना रुग्णालयात हलवलं गेलं. तपासणीत सापडले ते इन्फ्लुएंझाचे आणि सर्दीचे विषाणू.

विमानातल्या हवेनेच ही माणसं आजारी पडली, असं कुणालाही पटकन वाटेल. पण प्रवास होता चौदा तासांचा. इन्फ्लुएंझाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात. म्हणजे जे वाटेत तापाने फणफणले, ते आजार सोबत घेऊनच चढले होते. त्या विमानातले काही प्रवासी मक्केच्या हज यात्रेहून परतत होते आणि त्या वर्षीची यात्रा ऑगस्टच्या उत्तरार्धात, वीस लाखांहून अधिक लोकांच्या गर्दीत पार पडली होती.

परतीच्या विमानात आजारी पडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हिशेब असाच असतो. लागण जमिनीवर झालेली असते, हवेत फक्त ती दिसू लागते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. विमानात जे लागतं, ते घरी पोचल्यावर काही दिवसांनी बाहेर पडतं. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची लक्षणं असलेला ७२ वर्षांचा एक प्रवासी होता. त्या तीन तासांच्या प्रवासातले वीसहून अधिक जण पुढे आजारी पडले, तेही त्याच्या जवळचेच नव्हे, काही तर कित्येक रांगा पुढे बसलेले. पण विमानात असताना त्यांतल्या कुणालाही काहीच झालं नव्हतं.

तरीही केबिनच्या हवेची जितकी भीती बाळगली जाते, तितकी ती वाईट नसते. आधुनिक विमानात तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलते. साधारण निम्मी बाहेरून येते, निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडली जाते, आणि हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण ९९.९७ टक्के अडवतात. धोका असतो तो मुख्यतः आजूबाजूच्या दोन-तीन खुर्च्यांवरून आणि ही व्यवस्था बंद पडली तर. १९७७ साली अलास्कात इंजिनाच्या बिघाडामुळे एक विमान काही तास जमिनीवरच अडकलं आणि त्यातला बराच वेळ हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. ५४ जणांत फ्लू झालेली एक व्यक्ती होती. तीन दिवसांत ७२ टक्के लोकांना लक्षणं दिसू लागली.

मग आधी सुरू झालेला आजार नेमका विमानातच का उफाळतो? उत्तर केबिनमधल्या हवेच्या दाबात आहे. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असलं, तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या दाबाइतका राखलेला असतो. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २४०० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे. त्याच्याही कितीतरी वर, पट्टा बांधून, दहा-पंधरा तास बसून राहायचं, असा हा प्रकार आहे. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या तीन चतुर्थांश उरतो आणि धडधाकट माणसाच्याही रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी चारेक अंकांनी उतरते. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. पण ज्याच्या फुप्फुसात न्यूमोनिया सुरू झालाय, ज्याला दमा किंवा पंडुरोग (अ‍ॅनिमिया) आहे, ज्याचं हृदय मुळात कमजोर आहे, त्याला हे चार अंक जड जातात. जमिनीवर 'जरा कणकण आहे' इतकंच वाटत होतं, त्याचं हवेत धाप लागण्यात रूपांतर होतं ते यामुळे.

दाब उतरला की वायू फुगतात. पोटातला वायू साधारण तीस टक्क्यांनी वाढतो, म्हणून आधीच बिघडलेलं पोट विमानात जास्त छळतं. सर्दी झालेल्यांना खरा त्रास होतो तो विमान खाली उतरताना. बाहेरचा दाब वाढत जातो, पण घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी सुजून बंद झालेली असते. आधी कानात दडे बसतात, मग कळा सुरू होतात. लहान मुलं उतरताना रडतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. त्या वेळी त्यांना दूध पाजत राहावं, गिळताना ती नळी उघडते.

विमानात सगळ्यात जास्त काय घडतं, तर भोवळ. पाच विमान कंपन्यांमधल्या जवळजवळ बारा हजार वैद्यकीय प्रसंगांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सहाशे उड्डाणांमागे असा एक प्रसंग आढळला. त्यांत ३७ टक्के लोकांना घेरी आली होती किंवा शुद्ध हरपली होती, १२ टक्क्यांना श्वासाचा त्रास होता आणि साडेनऊ टक्क्यांना मळमळ किंवा उलट्या. विमान वाटेत उतरवावं लागलं ते सात टक्के वेळा. घेरी येण्यामागे काही गूढ नाही. कित्येक तास बसून रक्त पायांत साठलेलं असतं, हवेत जेमतेम दहा-वीस टक्के आर्द्रता असते, पाणी कमी प्यायलेलं असतं, जेवण झाल्यावर रक्ताचा ओघ पोटाकडे असतो, आणि अशात माणूस झटकन उठून स्वच्छतागृहाच्या रांगेत उभा राहतो. मेंदूला रक्त कमी पडतं. अशा वेळी माणसाला उभं धरून ठेवणं ही फार मोठी चूक आहे. आडवं करावं आणि पाय वर उचलावेत. बहुतेक जण थोड्या वेळात सावरतात.

अमेरिकेत मुलांकडे राहून परतणाऱ्या आईवडिलांबद्दल मला विशेष काळजी वाटते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत गेलेल्या असतात, घड्याळ साडेनऊ ते साडेतेरा तासांनी सरकणार असतं, आणि उठबस नको म्हणून दोघंही पाणी टाळतात. चार तासांहून लांब प्रवासानंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही फार थोडा असतो. पण उतरल्यावर एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपून जाऊ नये.

उलट्या-जुलाबांचा दोष बहुधा विमानातल्या जेवणावर जातो. क्वचित तो खराही ठरतो. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून युरोपला निघालेल्या एका विमानातल्या सुमारे साडेतीनशे प्रवाशांपैकी जवळजवळ दोनशे जण आजारी पडले. वाटेत अँकरेजला चढवलेला नाश्ता बनवणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटाला जखम होती. तिच्यातले स्टॅफिलोकोकस जिवाणू हॅममध्ये वाढले आणि त्यांचं विष काही तासांतच भोवलं. असं तयार विष पोटात गेलं तरच इतक्या लवकर त्रास होतो. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, म्हणजे संशय आदल्या दिवशीच्या हॉटेलवर घ्यायचा. कारण काहीही असलं तरी ओआरएसची पाकिटं हातातल्या पिशवीत असावीत आणि केबिन क्रूला लवकर सांगावं. उतरवून देतील या धास्तीने लोक लपवतात, आणि मदत उशिरा मिळते.

तापाचा हिशेब मात्र दिवसांत आणि आठवड्यांत करावा लागतो. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांनी येतो, टायफॉइडचा एक ते तीन आठवड्यांनी. हिवतापाला किमान आठवडा लागतोच. केनियाच्या मसाई मारात आठवडाभर राहून आलेल्याला परतीच्या विमानातच ताप भरला, तर तो तिथल्या हिवतापाचा असण्याची शक्यता कमी. तो येईल दोन-तीन आठवड्यांनी, बॅगा माळ्यावर गेल्यावर, ऑफिस सुरू झाल्यावर. तेव्हा डॉक्टरांना 'व्हायरल आहे बहुतेक' एवढंच सांगितलं जातं आणि आफ्रिकेचा उल्लेखच राहून जातो. आफ्रिकेत मुख्यतः आढळणारा फाल्सिपॅरम हिवताप एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. म्हणून अशा भागातून परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावं आणि कुठे गेलो होतो ते आपणहून सांगावं. पहिला नमुना निगेटिव्ह आला तरी बारा ते चोवीस तासांनी तपासणी पुन्हा करावी, कारण सुरुवातीला हिवतापाचे सूक्ष्म परजीवी रक्तात फार थोडे असतात.

प्रवासाआधी सुरू केलेल्या हिवतापाच्या गोळ्या घरी पोचल्यावर बंद करणारे पुष्कळ आहेत. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतरही चार आठवडे घ्यायची असते. शेवटच्या संध्याकाळी चावलेल्या डासाने सोडलेले परजीवी आधी यकृतात वाढतात आणि आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात उतरतात. ही गोळी त्यांना प्रामुख्याने रक्तातच गाठू शकते, आणि ते उतरतील तेव्हा औषध तिथे हजर असावं लागतं.