नेव्हिगेटर चुकला म्हणजे नक्की काय चुकलं, सिग्नल की रूट?

मामेभावाने मागच्या वर्षी जुनी सेडान घेतली, डॅशबोर्डातच बसवलेला नेव्हिगेटर असलेली, आणि पहिल्याच रविवारी हौस म्हणून सिन्नरपुढे समृद्धी महामार्गावर चढून शिर्डीला निघालो. गाडी मस्त शंभरने चाललीय आणि स्क्रीनवर आमचा बाण कोऱ्या शेतातून, खाली रस्ताच नाही, आणि ती बाई दर दोन मिनिटाला "रस्त्यावर परत या" म्हणतेय. घरी आल्यावर भाऊ ॲक्सेसरीजच्या दुकानात गेला तर तिथल्याने न बघताच सांगितलं, अँटेना गेला, साडेतीन हजार होतील.

अँटेना गेलाच नव्हता. नेव्हिगेटरच्या पोटात दोन वेगळी खाती असतात आणि आपण दोघांनाही सरसकट "जीपीएस बिघडलं" म्हणतो, घोळ तिथून सुरू होतो.

एक खातं फक्त एवढंच सांगतं की तू आत्ता कुठे आहेस. साधारण २०,२०० किलोमीटर वरून फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल घ्यायचे, किमान चार सापडले की जागा आणि उंची काढायची, झालं. त्या उपग्रहांना नाशिकचं द्वारका सर्कल माहीत नाही, टोलनाका माहीत नाही, काहीच नाही. दुसरं खातं म्हणजे मशीनमध्ये भरलेला नकाशा आणि त्यावरून रस्ता शोधणारा प्रोग्राम, हे उपग्रहाकडून रस्त्यांबद्दल काही शिकत नाही, नकाशा ज्या वर्षीचा तेवढीच त्याची अक्कल. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शिर्डीच्या अलीकडचा २०२३ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. भावाच्या गाडीतला नकाशा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे बाण शेतात होता तो अगदी बरोबर जागी होता, रस्ताच नकाशात नव्हता!

आता यातलं कुठलं खातं बिघडलंय ते बघायला लोक छुपा मेनू उघडतात, त्याबद्दल. जवळपास प्रत्येक मशीनमध्ये सर्व्हिसवाल्यांसाठी एक आतला मेनू असतो, मॅन्युअलमध्ये सहसा लिहिलेला नसतो. जुन्या होंडांमध्ये मेनू, मॅप आणि कॅन्सल ही तीन बटणं एकत्र काही सेकंद दाबून धरतात, जुन्या टोयोटांमध्ये इन्फोचं बटण दाबून धरून पार्किंग लाईट तीनदा चालू-बंद करतात (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी फिरकी घेतंय), गार्मिन कंपनीच्या जुन्या नूवी मशीनमध्ये सिग्नलच्या दांड्यांवर बोट दाबून धरलं की उपग्रहांचं पान उघडतं. नंतर बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत फॅक्टरी सेटिंग नावाचं पान असतं, त्याला कोड लागतो, १२६, ३३६८, ८८८८ असे काही नेहमीचे आहेत पण मॉडेलप्रमाणे बदलतात.

लोकांना वाटतं इथे शिरलं की रूट सुधारेल. नाही सुधारणार, या मेनूला पहिल्या खात्याचंच जास्त कळतं. आम्ही गंगापूर रोडला मोकळ्या जागी गाडी उभी करून उघडला तर नऊ उपग्रह, प्रत्येकासमोर एक दांडी आणि आकडा, ४२, ४०, ३७, एकदोन बिचारे २५ च्या आसपास. हा आकडा सिग्नलच्या ताकदीचा, ढोबळमानाने ४० च्या पुढे छान आणि ३० च्या खाली मरतुकडा. बाजूला एचडीओपी लिहिलं होतं, १.१. उपग्रह आभाळात किती पसरलेले आहेत ते त्यावरून कळतं, सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झाले की हा आकडा वाढतो आणि जागा तेवढी ढिली पडते. आमचं सगळं ठणठणीत, म्हणजे साडेतीन हजार वाचले.

तुमच्याकडे मात्र सगळेच आकडे पंचविशीत रेंगाळत असतील तर लगेच अँटेनाला दोष देऊ नका. आधी सिगारेट लायटरमधला चार्जर आणि डॅशकॅम काढून बघा, स्वस्तातले असले की ते इतका गोंगाट करतात की उपग्रहाचा बारीक आवाज त्यात बुडून जातो, आणि काढल्यावर आकडे डोळ्यासमोर वर चढतात. आणि गाडी महिनोन्महिने बेसमेंटमध्ये पडून असेल तर उघड्यावर पंधरा मिनिटं तरी उभी राहू द्या, कारण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

त्याच पानावर तारीखही बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या पद्धतीत १०२४ आठवड्यांनी काटा परत शून्यावर येतो, शेवटचा आला तो एप्रिल २०१९ मध्ये. ज्या मशीनचं सॉफ्टवेअर यासाठी तयार नसतं ते जवळपास वीस वर्षं मागे जातं. १ जानेवारी २०२२ ला कितीतरी जुन्या होंडा आणि अक्युरा गाड्यांची घड्याळं अशीच २००२ मध्ये जाऊन बसली होती. गंमत म्हणजे तारीख चुकली तरी बाण बरोबर जागी असू शकतो, पोचायची वेळ तेवढी येड्यासारखी दाखवतं.

गाडीतच बसवलेल्या नेव्हिगेटरचा एक खरा फायदा बोगद्यात दिसतो. इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा, आत उपग्रह शून्य. काचेला चिकटवलेलं मशीन थोडा वेळ अंदाजाने पुढे सरकतं आणि मग हात टेकतं, पण गाडीतलं मशीन चाकांचे पल्स मोजतं आणि आतल्या जायरोवरून (वळणं टिपणारा सेन्सर) वळण ओळखतं, त्यामुळे बाण चालूच राहतो. टायरचा साईझ बदलला असेल तर हा हिशोब चुकतो आणि बोगद्यातून बाहेर येताना बाण मागे किंवा पुढे असतो. छुप्या मेनूत त्यासाठी करेक्शनची सेटिंग असते, पण खरं सांगतो, हात लावू नका, बहुतेक मशीन उघड्यावर चालवत राहिलं की आपोआप जुळवून घेतात. अँड्रॉइडच्या फॅक्टरी पानावर तर अजिबात खेळू नका, एकाने कॅनबसचा (गाडी आणि स्टिरिओ ज्यावरून बोलतात ती लाईन) प्रकार बदलला आणि त्याची स्टिअरिंगवरची बटणंच बंद पडली, गेला होता जीपीएस बघायला.

सिग्नल आणि नकाशा या दोन्ही खात्यांच्या मधे एक त्रांगडं आहे आणि ते नाशिककरांना रोज भेटतं, आपला मुंबई-आग्रा हायवेवरचा लांबलचक उड्डाणपूल. गरवारे पॉईंटकडून पुलावर चढलात आणि पुणे रोडला जायचंय, तर द्वारकाच्या अलीकडे मशीन बिनधास्त सांगतं "उजवीकडे वळा". अरे बाबा, वरून कुठे वळू, उडी मारू का? इथे उपग्रहही नीट असतात आणि नकाशाही नीट असतो. पण वरचा रस्ता आणि खालचा सर्व्हिस रोड वरून बघितलं तर जवळजवळ एकाच रेषेत, आणि जीपीएसची उंची ही आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, त्यामुळे बाण कुठल्या रस्त्याला चिकटवायचा हे मशीन अंदाजाने ठरवतं. मेनूत सगळं हिरवं दिसेल आणि तरी चुकेल. याला इलाज म्हणजे चढायच्या आधीच पाटी वाचणे.

बाकी रूटच्या तक्रारी शुद्ध दुसऱ्या खात्याच्या. जुनं मशीन लांबच्या प्रवासाला सगळे रस्ते तपासतच नाही, सुरुवातीला आणि शेवटी गल्ल्या बघतं आणि मधल्या भागात फक्त मोठे रस्ते, नाहीतर त्या छोट्या प्रोसेसरला तासभर लागला असता. म्हणून नाशिकहून संगमनेरला घोटी, भंडारदरा, राजूर, अकोले असं पावसात हिंडत जायचं म्हटलं तर ते मरेपर्यंत सिन्नरच दाखवणार. मग मधला थांबा टाकावा लागतो. त्यालाही मर्यादा, गुगल मॅप्समध्येही मोजकेच टाकता येतात, काही जुन्या नूवींमध्ये तर एकच. आणि तो थांबा डिव्हायडरच्या पलीकडच्या बाजूला टाकला गेला की संपलं, दोन किलोमीटर पुढे नेऊन यू-टर्न मारायला लावतं, फक्त त्या ठिपक्याला शिवायला! थांबा शक्यतो तुम्ही जाताय त्याच बाजूला आणि चौकापासून जरा पुढे टाकावा.

"सर्वात जवळचा" हा पर्याय तर गावात बंदच ठेवा. त्याला फक्त मीटर कळतात, रविवार कारंजावरून सराफ बाजारात घुसवलं तर त्याच्या मते दोनशे मीटर वाचले, आपण मात्र हातगाडीच्या मागे अर्धा तास. "सर्वात लवकर" वरही फार भरवसा नको, इंटरनेट नसलेलं मशीन प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला ठराविक स्पीड धरतं, द्वारकाला संध्याकाळी सात वाजता काय चालू असतं ते त्याला कोण सांगणार.

त्यामुळे दुकानात जायच्या आधी गाडी बाजूला घेऊन फक्त बाण बघायचा. रस्ते विसरा, बाण खरंच तुम्ही उभे आहात तिथे आहे का? नसेल किंवा उड्या मारत असेल तर छुपा मेनू उघडा, आकडे बघा. बाण जागेवर असेल आणि तरी भलतीकडे नेत असेल तर मेनूत काही सापडणार नाही, नकाशाची तारीख बघा आणि टोल टाळा, कच्चा रस्ता टाळा असलं काही आधीच्या मालकाने टिक करून ठेवलंय का ते बघा. भावाच्या गाडीत टोल टाळा टिक केलेलंच होतं. ते काढलं, नवा नकाशा त्या मॉडेलला आता मिळतच नाही, म्हणून समृद्धीवर भाऊ फोनवरचा नकाशा लावतो आणि डॅशबोर्डातली ती बाई म्यूट करून शेतात फिरू देतो.