सुगम बटणे व दुवे

वेबपृष्ठावरील बटणे व दुवे माऊस, कीबोर्ड, स्पर्शपटल, ध्वनिआज्ञा किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली) यांपैकी कोणत्याही साधनाने ओळखता व वापरता यावेत, अशा रीतीने ते घडविण्याची पद्धती. दुवा वापरकर्त्याला दुसऱ्या ठिकाणी नेतो. बटण आहे त्या ठिकाणी क्रिया घडविते. हा भेद कार्यावरून ठरतो. रंगवलेली चौकट दुवा असू शकते, साधा शब्दही बटण असू शकतो.

दुवा एंटर कळीने उघडतो. बटण एंटर व स्पेस या दोन्ही कळींनी चालते. एंटर दाबताच क्रिया होते, तर स्पेसच्या बाबतीत सामान्यतः कळ सोडल्यावर. एचटीएमएल या वेबपृष्ठे लिहिण्याच्या भाषेतील ‘डिव्ह’ या निराकार (स्वतःचे कार्य नसलेल्या) घटकाला क्लिक जोडून केलेल्या बटणात यांतले काहीच आपोआप येत नाही. त्याला, घटकांची भूमिका सहायक साधनांना कळविणाऱ्या एरिया या विनिर्देशातील (आवृत्ती १.०, २०१४) ‘बटण’ ही भूमिका दिली, तर स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणतो खरा, पण टॅबने तेथे पोचणे आणि कळींना प्रतिसाद देणे हे वेगळे लिहावे लागते. एचटीएमएलचा मूळ घटक उपलब्ध असताना एरिया टाळावे, हा वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा संकेत त्यामुळेच आहे. ‘बटन’ हा स्वतंत्र घटक एचटीएमएल ४.० (१९९७) मध्ये आला.

दुव्यांच्या निळ्या रंगाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. ते वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांना देण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांचा पहिला ब्राउझर नेक्स्ट संगणकाच्या करड्या छटांच्या पडद्यावर घडला. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या गटाने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या हायपरटाईज प्रणालीत फिकट निळे दुवे होते, म्हणून काही जण मूळ तेथे शोधतात. वेबपुरते पाहता एप्रिल १९९३ मधील मोझेइक ब्राउझरची आवृत्ती अधिक निर्णायक दिसते : तीत न पाहिलेले दुवे निळे व अधोरेखित झाले. सुगम्यतेच्या दृष्टीने टिकाऊ गोष्ट मात्र अधोरेखाच ठरली. ब्राउझरचा रूढ निळा पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उठतो, पण शेजारच्या काळ्या मजकुराशी त्याचे तफावत-गुणोत्तर (दोन रंगांच्या उजळपणातील फरकाचे माप) सुमारे २.२:१ भरते. केवळ रंगाने ओळखायच्या दुव्यासाठी ३:१ अपेक्षित असते.

स्क्रीन रीडर पृष्ठावरील सर्व दुव्यांची यादी ऐकवू शकतो. तीत ‘अधिक वाचा’ दहा वेळा आले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चिन्हमात्र बटणाला कोडमध्ये नाव द्यावेच लागते. दृश्य शब्द एक आणि कोडमधील नाव दुसरे असेल, तर ध्वनिआज्ञा देणाऱ्याची फसगत होते : तो दिसते तेच उच्चारतो.

कन्सॉर्शियमच्या वेब आशय सुगम्यता मार्गदर्शिकेच्या १९९९ व २००८ च्या आवृत्त्यांत बटणे-दुवे यांच्या दाबण्याच्या जागेच्या आकाराचा निकष नव्हता. २.१ (२०१८) मध्ये ४४×४४ सीएसएस पिक्सेल (वेबपृष्ठावरील मापाचे एकक) हा निकष तीन पातळ्यांपैकी सर्वोच्च पातळीवर आला, २.२ (२०२३) मध्ये मधल्या पातळीवर २४×२४. वाक्याच्या ओघातील दुवे दोन्हींतून वगळलेले आहेत.